ग्राइंडर पोटात असलेले एस्प्रेसो मशीन : एका निवडीची पार्श्वभूमी

घरासाठी एस्प्रेसो मशीन घ्यायचे ठरले की हल्ली पहिलाच वाद होतो तो कॉफीच्या बिया दळणाऱ्या ग्राइंडरवरून : तो मशीनच्या आतच असावा की वेगळा घ्यावा? हा वाद अलीकडचा आहे. इटलीतल्या कॉफी बारमध्ये ग्राइंडर कायम मशीनशेजारी स्वतंत्र उभा राहिला. दोन्ही एकाच डब्यात कोंबावेत असे तिथे कुणाला वाटले नाही, कारण ओट्यावर जागा होती, दिवसाला शेकडो कप जायचे आणि दोन्ही यंत्रे वेगवेगळ्या वेळी दुरुस्तीला येत.

एस्प्रेसोचा जुना इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. १८८४ मध्ये तुरिनमध्ये वाफेवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट निघाले. १९०१ मध्ये मिलानमध्ये एकेक कप वेगळा काढणारे यंत्र आले. त्या यंत्रांत पाण्याचा दाब जेमतेम दीड बार (बार हे दाबाचे एकक) असायचा, म्हणजे कॉफी चटकन व्हायची, पण आजची घट्ट, साय धरणारी कॉफी ती नव्हे. ती आली दुसऱ्या महायुद्धानंतर, स्प्रिंग आणि दांड्याच्या यंत्रातून. १९६१ मध्ये 'ई-६१' नावाच्या मशीनने दांड्याच्या जागी विजेचा पंप आणला आणि ९ बारचा दाब रूढ केला. त्या वर्षी इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसले होते. नावातला 'ई' त्या ग्रहणाचा.

या सगळ्या प्रवासात ग्राइंडरचा उल्लेख फारसा होत नाही, आणि इथेच गैरसमजाला सुरुवात होते. दाब वाढला तसे दळण बारीक आणि एकसारखे होत जाणे भाग होते. ९ बारच्या दाबाने ढकललेले पाणी जाडसर दळणातून काही सेकंदांत निसटते आणि कॉफी पाणचट, आंबट लागते. फारच बारीक दळले तर पाणी अडून बसते आणि कप कडू होतो. इटलीत पुढे जे प्रमाण रुळले ते साधारण ७ ग्रॅम कॉफी, ९ बार, २५ सेकंद आणि २५ मिलिलिटर असे आहे. यातले सेकंद साधायचे मुख्य साधन म्हणजे दळण. तिथले जुने कारागीर चांगल्या कपासाठी चार गोष्टी सांगतात : बियांचे मिश्रण, दळण, यंत्र आणि हात. क्रम बघण्यासारखा आहे. यंत्र तिसऱ्या क्रमांकावर येते.

घरात मात्र यंत्र आधी शिरले आणि ग्राइंडर बाहेरच राहिला. १९६१ मध्येच मिलानच्या एका कंपनीने घरगुती दांड्याचे छोटे मशीन काढले. १९७७ च्या सुमारास छोट्या व्हायब्रेशन पंपाची घरगुती मशिने आली. या पंपात विद्युतचुंबकाने एक बारीक पिस्टन मागेपुढे थरथरतो. पंप स्वस्त, तळहातावर मावणारा आणि पुरेसा दाब देणारा. आजही घरगुती मशिनांपैकी बहुसंख्य याच जातीच्या पंपावर चालतात. खोक्यावर छापलेले '१५ बार' किंवा '२० बार' हे आकडे या पंपाची कमाल ताकद सांगतात. चांगल्या मशीनमध्ये एक झडप असते आणि ती जादाचा दाब सोडून देऊन कॉफीवर ९ बारच्या आसपासच दाब ठेवते. तेव्हा या आकड्यांवरून मशीन निवडू नये, एवढे सांगून पुढे जातो.

पंप घरात आला, पण दळण कुठून आणायचे? बहुतेक लोक पाकिटातली दळलेली कॉफी वापरू लागले. दळल्यावर कॉफीतला वायू आणि सुवास झपाट्याने उडतात. पाकीट फोडून आठवडा झाला की ९ बारच्या दाबापुढे त्या पुडीत टिकाव धरण्यासारखे काही उरत नाही. शिवाय पाकिटातले दळण बदलता येत नाही. यावर उत्पादकांनी शोधलेला उपाय म्हणजे दुहेरी तळाची बास्केट (बास्केट म्हणजे पूड भरायची छिद्रांची वाटी). तिच्या बाहेरच्या तळाला एकच बारीक छिद्र असते. अडथळा दळणाने निर्माण करायचा, तो इथे ते छिद्र करते. त्यामुळे जुनी, जाडसर पूड घातली तरी वर फेस येतो. तो फेस छिद्रातून फवाऱ्यासारखे निघाल्यामुळे आलेला असतो आणि चवीबद्दल काहीच सांगत नाही. अनेक घरांत एस्प्रेसो मशीन सहा महिन्यांत माळ्यावर जाते, त्याचे मूळ माझ्या मते या बास्केटमध्ये आहे. माणसाला वाटते की आपल्याला जमत नाही. खरे तर त्याच्या हातात दळणावर ताबा ठेवायचे साधनच दिलेले नसते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर या अडचणीला दोन उत्तरे जवळजवळ एकाच वेळी आली. १९८५ मध्ये बोलोन्याजवळच्या एका कारखान्याने घरगुती पूर्ण स्वयंचलित मशीन काढले. बिया वर टाकायच्या, बटण दाबायचे. दळणे, दाबणे, कॉफी काढणे, चोथा आतल्या डब्यात टाकणे, सगळे आपोआप. घरगुती मशीनच्या पोटात ग्राइंडर शिरला तो असा. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, एका स्विस कंपनीने पाच-सहा ग्रॅम कॉफीची हवाबंद कॅप्सूल बाजारात आणली आणि दळणाचा प्रश्न कारखान्यातच मिटवून टाकला. दोन्ही उत्तरांत सोय मोठी होती, पण माणसाचा हात बाजूला झाला. स्वयंचलित मशीनमधला ग्राइंडर मुद्दामच फार बारीक दळत नाही, कारण आतली यंत्रणा अडली तर ग्राहक तक्रार घेऊन येतो. कप दर वेळी सारखा मिळतो, पण क्वचितच दाट असतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून हौशी लोकांचा एक वर्ग तयार झाला. त्यांनी बारमधल्या भागांचीच बांधणी असलेली छोटी घरगुती मशिने घेतली, त्यांत तापमान स्थिर राखणारे पीआयडी नियंत्रक स्वतः बसवले, आणि एक नियम घालून दिला : बजेटमधला मोठा वाटा ग्राइंडरला द्या, मशीन नंतर बघा. नियम बरोबर होता. पण नवख्या माणसासाठी त्याचा अर्थ दोन खरेद्या, दोन वायरी, ओट्यावर दोन जागा आणि दुप्पट संकोच असा व्हायचा.

साधारण २०१० च्या आसपास ऑस्ट्रेलियातल्या एका घरगुती उपकरणांच्या कंपनीने या दोन टोकांच्या मधली वाट काढली, आणि २०१३ मध्ये आलेल्या सुधारित रूपाने ती वाट हमरस्ता झाली. ग्राइंडर मशीनच्या अंगातच, पण पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट धरणारा मुठीचा भाग, हातात. दळण थेट पोर्टाफिल्टरमध्ये पडते, मग ते आपण सारखे करायचे, दाबायचे, मशीनला लावायचे. पोर्टाफिल्टर ५४ मिलिमीटरचा, बारमधल्या ५८ पेक्षा लहान, पण १८ ग्रॅम कॉफी मावते. तापमानाला पीआयडी, समोर दाबाचा काटा, आणि खोक्यात दोन्ही प्रकारच्या बास्केट : दुहेरी तळाच्या शिकाऊ दिवसांसाठी, एकेरी तळाच्या नंतरसाठी. एका इटालियन कंपनीनेही काही वर्षांत याच घाटाची मशिने काढली. इटलीतले काही छोटे कारखाने एका पोलादी पेटीत ग्राइंडर आणि मशीन त्याआधीही बसवत होते. पण ती मशिने हौशी मंडळींपुरतीच राहिली. घराघरांत गेली ती ऑस्ट्रेलियन रचना.

मग ग्राइंडर आत असण्याला विरोध का? आक्षेप चार आहेत आणि चारही खरे आहेत.

पहिला आक्षेप टप्प्यांचा. बर म्हणजे दातेरी पोलादी चकत्यांची जोडी. जात्याच्या दोन पाळ्यांसारखे त्यांच्यातले अंतर ठरवते की दळण भरड होणार की बारीक. वेगळ्या चांगल्या ग्राइंडरमध्ये हे अंतर केसभर सरकवता येते. आतल्या ग्राइंडरमध्ये मात्र ठरावीक टप्पे असतात, सुरुवातीच्या मशिनांत जेमतेम दीड डझन, पुढे पंचवीस-तीस. एक टप्पा सरकवला की कॉफी उतरण्याचा वेळ चार-पाच सेकंदांनी बदलू शकतो, आणि आपल्याला हवा असलेला बिंदू नेमका दोन टप्प्यांच्या मध्ये निघतो. अशा वेळी टप्पा तसाच ठेवून कॉफी अर्धा ग्रॅम कमी-जास्त करायची, हा उपाय चालतो आणि तो कुणीही शिकू शकतो. हलक्या भाजणीच्या बियांसाठी सगळ्यात बारीक टप्पाही कधी कधी पुरत नाही. काही मशिनांत वरचा बर बाहेर काढून त्याच्या आतली कडी फिरवली की आणखी बारीक दळता येते. माहितीपुस्तिकेतले ते पान बरेच जण उघडतच नाहीत.

दुसरा आक्षेप अडकून राहणाऱ्या पुडीचा. दळण ज्या नळीतून खाली येते तिच्यात काही ग्रॅम मागे उरते आणि सकाळच्या पहिल्या कपात कालची पूड मिसळते. तिसरा उष्णतेचा : बॉयलर आणि हॉपर (बिया ठेवायचा वरचा डबा) एकाच अंगात असल्याने मशीन तासभर चालू राहिले की बिया कोमट होतात. कॉफी बारमध्ये हा आक्षेप फार मोठा ठरला असता. घरात दोन कप काढून मशीन बंद होते, तिथे त्याचे वजन कमी आहे. त्याला हौशी मंडळींनी अवाजवी महत्त्व दिले आहे, असे मला वाटते.

चौथा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. एक भाग बिघडला की दोन्ही बंद. पुढेमागे चांगला ग्राइंडर घ्यावासा वाटला तरी आतला काढून ठेवता येत नाही, त्याचे पैसे अडकून पडतात. वेगळा ग्राइंडर दोन-तीन मशिने बदलली तरी सोबत राहतो.

एवढे सगळे मान्य करूनही माझा कौल आतल्या ग्राइंडरकडे झुकतो, निदान पहिल्या मशीनसाठी. कारण त्याची तुलना चुकीच्या वस्तूशी होते. बहुतेक घरांत आतल्या ग्राइंडरला पर्याय असतो तो दळलेल्या पुडीचे पाकीट. महागडा वेगळा ग्राइंडर त्या घरात येणारच नसतो. पाकिटाच्या तुलनेत सामान्य दर्जाचा, पण ताजे दळणारा आणि बारीक-जाड करता येणारा ग्राइंडर कितीतरी पुढे आहे.

आपल्याकडे या गोष्टीला वेगळी पूर्वपीठिका आहे. कित्येकांनी 'एस्प्रेसो' पहिल्यांदा प्यायली ती लग्नाच्या मांडवात : फुसफुसणारी वाफ, दुधाचा फेस, इन्स्टंट कॉफी आणि वर चॉकलेट पावडर. त्या यंत्रात पंप नव्हता आणि दळणाचा संबंधच नव्हता. दुसरीकडे माटुंग्याच्या दुकानांत बिया समोर दळून द्यायची पद्धत जुनी आहे. पण ते दळण फिल्टर कॉफीचे, एस्प्रेसोला जाडसर, आणि बहुधा चिकोरी मिसळलेले. ते दुहेरी तळाच्या बास्केटमध्ये चालून जाते, एकेरी तळाच्या बास्केटमध्ये नाही. चिकोरीचे दाणे ग्राइंडरमध्ये तर मुळीच घालू नयेत. ते ओल धरून चिकट होतात आणि बरच्या दातांत बसतात.

भारतीय कॉफीचा सगळ्यात मोठा परदेशी ग्राहक वर्षानुवर्षे इटली आहे. कर्नाटकातली रोबस्टा आणि मलबार किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात फुगवलेल्या बिया तिथल्या एस्प्रेसो मिश्रणांत पूर्वीपासून जातात. त्याच बिया ताज्या भाजून घरपोच मिळायला मात्र गेल्या दशकात सुरुवात झाली. १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर आणि २०१२ मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला उघडलेल्या कॅफेंनी एस्प्रेसोवरच्या पेयांची सवय लावली. भाजणीची तारीख छापलेले पाकीट त्यानंतर आले. ते नसते तर ग्राइंडर आत की बाहेर हा वाद इथे पोकळच ठरला असता. महिनोन्‌महिने दुकानात पडलेल्या बिया कुठल्याही ग्राइंडरने ताज्या होत नाहीत.

परदेशातल्या नातेवाइकांकडून मशीन मागवण्याची पद्धत याच काळात वाढली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अमेरिकेतले मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे असते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. व्हायब्रेशन पंपाची थरथर हर्ट्झवरच चालत असल्याने इथल्या ५० हर्ट्झवर तो पंप वेगळ्या गतीने चालतो. त्यात दीड हजार वॉटच्या पुढचे ओझे पेलणारा ट्रान्सफॉर्मर स्वतःच एक अवजड वस्तू. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातून आणलेल्या मशीनला ही अडचण नाही, फक्त प्लग बदलावा लागतो. ब्रिटनमध्ये त्या ऑस्ट्रेलियन कंपनीचे मूळ नाव आधीपासून दुसऱ्याकडे असल्याने तेच मशीन तिथे वेगळ्या नावाने विकले जाते, म्हणून नावावरून गोंधळू नये. कुठलेही मशीन असो, ते १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावावे. मिक्सरचा ६ अँपिअरचा पॉइंट त्याला पुरत नाही. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात हॉपर भरून ठेवू नये. बिया ओल धरतात आणि दळणाचा कालचा टप्पा आज लागू पडत नाही.

गेल्या काही वर्षांत वादाची दोन्ही टोके सरकली आहेत. २०१७ पासून एका वेळी एकाच कपापुरत्या बिया दळणारे, आत पूड जवळजवळ न ठेवणारे वेगळे ग्राइंडर लोकप्रिय झाले. त्याच सुमारास हाताने फिरवायचे पोलादी ग्राइंडर इतके सुधारले की एस्प्रेसोला पुरेसे बारीक दळण त्यांतून मिळू लागले. हात दुखायची तयारी असेल तर साधे मशीन आणि असा ग्राइंडर ही जोडी आता आतल्या ग्राइंडरला खरी स्पर्धा देते. दुसऱ्या बाजूला २०२४ मध्ये आलेल्या एका अमेरिकन मशीनमध्ये वजनकाटाही आतच आहे. आधीच्या कपाला किती वेळ लागला ते पाहून ते पुढचा टप्पा सुचवते. अडकलेल्या पुडीचा आणि टप्प्यांचा आक्षेप यामुळे सौम्य होतो. दुरुस्तीचा आक्षेप उलट वाढतो, कारण आता एका अंगात दोनऐवजी तीन यंत्रे आहेत. बर झिजतात, रबरी रिंगा कडक होतात, क्षार साठतात. म्हणून मशीन घेताना दुकानदाराला विचारावे की बरचा सुटा संच भारतात मिळतो का, आणि ग्राइंडर बिघडला तर तेवढाच दुरुस्त करून देतात की अख्खे मशीन पाठवावे लागते.