ठासणीच्या रायफलीला उकळतं पाणी कशाला?

"काळी दारू (जुन्या पद्धतीची बंदुकीची दारू) उडवली की नळीत उकळतं पाणी ओता," हा तोंडाकडून भरायच्या बंदुकीच्या सफाईचा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्याची गरज नाही. दारू जळल्यावर निम्म्याच्या आसपास वजन घन काजळीच्या रूपात उरतं. तिच्यातले पोटॅशियमचे क्षार ओल धरतात, पण कोमट पाण्यातही सहज विरघळतात. उलट उकळत्या पाण्याने तापलेल्या, तेल नसलेल्या पोलादावर बघता बघता गंज चढतो. शेवटची कोरडी चिंधी नारिंगी निघते ती म्हणूनच.

आधी गज (दारू-गोळी ठासायची काठी) घालून नळी रिकामी असल्याची खात्री करा. रिकाम्या नळीत गज कुठवर आत जातो त्याची खूण गजावर कायमची हवीच. मग निपल (ज्यावर ठिणगीची टोपी बसते ती छोटी नळी) काढा, ओल्या चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत फिरवा, नंतर कोरड्या, शेवटी तेलाची. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फिरवून बघा. पुढच्या वेळी भरण्याआधी तेल पुसायला विसरू नका, नाहीतर दारू ओलावून बार फुसका जातो.