नदी आटली, म्हणजे पाऊसच कमी झाला?

नदी कोरडी पडली की खापर पावसावर फुटतं. हा समज जुना आहे आणि अर्धवटही. पाऊस सरासरीइतका पडूनही नदी रोडावू शकते.

चीनमधली पीत नदी पाहा. १९९७ साली तिचा मुखाजवळचा भाग तब्बल २२६ दिवस कोरडा होता. दुष्काळ होताच, पण वाटेत शेतीसाठी होणारा बेसुमार उपसा हेही मोठं कारण होतं. १९९९ पासून पाणीवाटपाचं एकत्रित नियंत्रण सुरू झालं आणि प्रवाह पुन्हा समुद्रापर्यंत टिकू लागला. पाऊस काही सरकारी आदेशाने वाढत नाही!

भूजलाचा उपसा तर डोळ्यांना दिसतही नाही. कोरड्या दिवसांत नदीत वाहतं ते बरंचसं जमिनीतून पाझरलेलं पाणी. बोअर खोल गेल्या की तो पाझर तुटतो.

पण म्हणून हवामानबदल काही निर्दोष ठरत नाही. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढलं की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. साहजिकच माती आणि झाडांतून अधिक पाणी उडून जातं. अमेरिकेतली कोलोरॅडो नदी धरणं-कालव्यांमुळे गेली कित्येक दशकं क्वचितच समुद्र गाठते. त्यात आता वाढती उष्णता उरलेला प्रवाहही घटवते आहे.