अॅलन बुसाक: वर्णभेदाला पाखंड ठरवणाऱ्या ठरावाची पार्श्वभूमी

दक्षिण आफ्रिकेतले ख्रिस्ती पाळक आणि वर्णभेदविरोधी नेते अॅलन बुसाक यांचं नाव आता निघतं ते बहुधा देणग्यांच्या अपहाराच्या खटल्यापुरतं. पण त्यांच्या राजकारणाची मुळं आहेत ऑगस्ट १९८२ मध्ये कॅनडातल्या ओटावात झालेल्या ठरावात.

१८५७ साली दक्षिण आफ्रिकेच्या केपमधल्या डच रिफॉर्म्ड या प्रॉटेस्टंट चर्चच्या सिनडने (धर्मसभेने) ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ गोरे नसलेल्यांची उपासना गोऱ्यांपासून वेगळी घ्यायची मुभा दिली. सवलतीचा शिरस्ता झाला आणि १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी निराळं मिशन चर्चच उभं राहिलं. काकामासला १९४६ मध्ये जन्मलेले बुसाक त्याच चर्चचे पाळक. १९७६ मध्ये नेदरलँड्समधल्या कांपेनहून ईश्वरविज्ञानाची डॉक्टरेट घेऊन ते परतले.

ओटावाला रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक महासंघाची महासभा भरली. तिथे मिशन चर्चच्या काही प्रतिनिधींनी आपल्या देशातल्या गोऱ्यांसोबत प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा पवित्र विधी) घ्यायला नकार दिला. मायदेशात जे नाकारलं जातं ते इथे पाहुण्यांसमोर कसं घ्यायचं? पुढे ठराव झाला: वर्णभेद हे पाप आणि त्याचं धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड. धोरणाबद्दलचा मतभेद चर्चमध्ये खपतो. श्रद्धेचा गाभाच पणाला लागला की तटस्थ राहता येत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. आफ्रिकान्सभाषक गोऱ्यांच्या दोन चर्चचं महासंघातलं सदस्यत्व रद्द न करता स्थगित केलं. परतीच्या अटी तीन: उपासना आणि प्रभुभोजन सर्वांना खुलं, वर्णभेदाने पोळलेल्यांना प्रत्यक्ष मदत, आणि वर्णभेद नाकारणारे निःसंदिग्ध सिनड ठराव. बुसाक याच सभेत महासंघाचे अध्यक्ष झाले.

धर्माच्या आडून राजकारण केलं, हा आक्षेप तेव्हापासूनचा. तो लंगडा आहे. वर्णभेदाचं सरकार १९४८ चं, चर्चमधली फारकत त्याच्या ९१ वर्षं आधीची. गाठ चर्चने मारली होती, ती चर्चलाच सोडवायची होती.

१९८२ मध्येच मिशन चर्चने बेलहार कबुलीजबाबाचा, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या अधिकृत निवेदनाचा, मसुदा केला. तो १९८६ मध्ये स्वीकारला गेला. अन्यायाच्या जगात देव विशेषत्वाने निराधार, गरीब आणि नाडलेल्यांचा आहे, हे विधान गोऱ्या चर्चमधल्या अनेकांना अडलं. १९९४ मध्ये मिशन चर्च आणि कृष्णवर्णीयांचं चर्च एक झालं; गोरं चर्च बाहेरच राहिलं. बेलहार ऐच्छिक ठेवा, असा तोडगा तिथून येत राहिला. पण श्रद्धेची कबुली ऐच्छिक कशी असेल? पुढे त्या चर्चने घटनेत बेलहारला जागा द्यायचा प्रयत्न केला, तर प्रादेशिक सिनडांत लागणारी दोन-तृतीयांश मतं जमली नाहीत.

बुसाक यांचं राजकारण सर्वांना ठाऊक आहे: १९८३ मध्ये केप टाउनच्या मिचेल्स प्लेनला वर्णभेदविरोधी संयुक्त लोकशाही आघाडीची स्थापना, १९९४ मध्ये वेस्टर्न केप प्रांतात त्यांच्या नेतृत्वाखाली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा पराभव, १९९९ मध्ये देणग्यांच्या प्रकरणात चोरी आणि फसवणुकीबद्दल सहा वर्षांची शिक्षा, अपिलात ती तीन वर्षांवर, २००५ मध्ये राष्ट्रपतींची माफी.

२००८ मध्ये समलिंगी सदस्यांना पूर्ण स्थान द्यावं, यासाठी बुसाक यांनी बेलहारचाच आधार घेतला. एकत्रित चर्चच्या सिनडने तो मानला नाही, आणि त्यांनी तिथेच चर्चमधली पदं सोडली.