समोरच्याचे पाय उखडणारा आरोन डोनाल्ड

आरोन डोनाल्डची उंची जेमतेम सहा फूट एक इंच. आपल्याकडे अशा माणसाला कुणी बुटका म्हणणार नाही, पण अमेरिकन फुटबॉलच्या बचाव फळीत मधोमध खेळणाऱ्या डिफेन्सिव्ह टॅकलसाठी ही उंची कमीच समजली जाते. पेन हिल्सच्या शाळेतून 2010 मध्ये तो पिट्सबर्ग विद्यापीठात आला. 2013 च्या शेवटच्या हंगामात त्याने समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चढाईची सूत्रं सांभाळून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, चेंडू फेकायच्या आत 11 वेळा लोळवलं आणि आउटलंड, लोम्बार्डी, नागुर्स्की, बेडनारिक असे चार मोठे पुरस्कार एकाच वर्षात पटकावले. माझ्या मते त्याची उंची ही उणीव नव्हतीच. त्याच्या खेळाचं अर्धं गणित त्या उंचीवरच उभं होतं.

डिफेन्सिव्ह टॅकलचं काम सांगायला सोपं आहे. हातभर अंतरावर साधारण 140 किलोचा धिप्पाड गडी वाट अडवून उभा असतो. त्याला हटवायचं किंवा चुकवायचं आणि मागच्या क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचायचं. त्यासाठी मिळतात दोन-तीन सेकंद.

टक्कर झाली की दोघंही एकमेकांना सारख्याच जोराने ढकलतात, हा न्यूटनचा तिसरा नियम. मग मागे कोण सरकतो? ज्याची जमिनीवरची पकड आधी सुटते तो. ही पकड बुटांखालच्या खिळ्यांवर अवलंबून असते, तशीच पाय जमिनीला किती दाबतात यावरही.

डोनाल्डचं वजन होतं सुमारे 129 किलो. तो गुडघे आणि कंबर वाकवून समोरच्याच्या छातीखाली शिरायचा आणि तिरपा, वरच्या दिशेने रेटायचा. समजा, या रेट्याचा उभा भाग 500 न्यूटन आहे, म्हणजे साधारण 51 किलो वजनाइतका. आता समोरच्या 140 किलोच्या गड्याचे पाय जमिनीला 89 किलोइतकेच दाबतात. तोच भार उलट डोनाल्डवर येतो आणि त्याचे पाय 180 किलोच्या माणसासारखे रुततात. वजनाने हलका असलेला गडी त्या क्षणापुरता दुपटीने भारी झाला! कुस्तीत प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरून त्याला उचलायला बघतात, त्यामागेही हेच आहे. उंच माणसालाही वाकता येतं, पण त्याला जास्त वाकावं लागतं आणि तसं वाकून वेग राखणं अवघड जातं.

वेगाचं म्हणाल तर, व्यावसायिक संघांसमोरच्या 2014 च्या चाचणीत डोनाल्डने 40 यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, 4.68 सेकंदांत कापले. एवढ्या वजनाच्या माणसासाठी हे थक्क करणारं आहे. सामन्यात मात्र पहिली दोन पावलंच खरी. चेंडू कोणत्या इशाऱ्यावर निघणार हे चढाई करणाऱ्यांना ठाऊक असतं, बचाव करणाऱ्याला तो हलताना पाहूनच सुटावं लागतं. डोळ्यांनी पाहून स्नायू हलायला सुमारे 0.2 सेकंद लागतात. ही पिछाडी पहिल्या पावलाच्या स्फोटक ताकदीनेच भरून निघते.

पुढची लढाई हातांची. छातीवर आलेला हात मनगटापाशी फटकावला तर खांद्यापासूनचं अंतर जास्त मिळतं, म्हणजे तरफेची भुजा लांब होते आणि थोड्या जोरातही तो हात बाजूला वळतो. दंडावर मारलेला तेवढाच फटका वाया जातो.

या शास्त्राला एक धोकादायक बाजूही आहे आणि ती मला टाळावीशी वाटत नाही. खाली वाकून घुसताना डोकं सगळ्यात पुढे जातं. हेल्मेटमध्ये संवेदक बसवून केलेल्या मोजणीत दिसलं, की महाविद्यालयीन संघांत डोक्याला सर्वाधिक वेळा धक्के बसतात ते लाइनमनना, म्हणजे दोन्ही संघांच्या पुढच्या फळीत समोरासमोर भिडणाऱ्या गड्यांना. एकेक धक्का बहुधा छोटा असतो, खेळाडू उठून पुन्हा जागेवर उभा राहतो. पण असे धक्के हंगामभर साचत जातात. म्हणून सरावात लाइनमनला पहिला स्पर्श तळव्यांनी करायला, मान वर ठेवायला आणि छाती पुढे काढायला शिकवतात. तळवे आधी टेकले की धक्क्याचा बराच भाग कोपर आणि खांदे झेलतात, आणि खालून वर रेटण्याची संधीही हातची जात नाही.