कॉइन डीलर वेगळा अन् लिलाववाला वेगळा, डबा उघडायच्या आधी हे समजून घ्या

नागपूरच्या महाल भागात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक पितळी डबा काढला, आत जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली एकतीस नाणी. मीच मोजली. बहुतेक जॉर्ज पाचवा अन् सहावाचे चांदीचे रुपये, काही तांब्याच्या शिवराया, अन् दोन जाडजूड रुपये ज्यावर फारसी अक्षरं होती म्हणून काकू त्यांना "निजामाचे" म्हणत होत्या. काकूंचा पहिला प्रश्न, "हे लिलावात टाकू का दुकानात देऊ? काय फरक पडते, शेवटी दोघंही विकतेतच ना?" अन् त्याच आठवड्यात त्यांचा भाचा, प्राचीन भारतीय इतिहास घेऊन एमए करतोय, तो मला विचारतो की दादा मला नाण्यांच्या लाइनमध्ये करियर करायचंय, डीलर होऊ का ऑक्शनियर?

दोघांचा गोंधळ एकच आहे. जुन्या नाण्यांचा धंदा म्हणलं की लोकांना एकच माणूस दिसतो, भिंग घेऊन बसलेला. पण ही दोन कामं आहेत, आणि नाणं कोणाच्या मालकीचं आहे या एका गोष्टीवर बाकी सगळं ठरतं.

नागपूरच्या माणसाला हे संत्र्यावरून लगेच कळेल. मोर्शी-वरुड, काटोलकडे व्यापारी येतो, आंबिया बहार झाडावर असतानाच बगीचा बघतो, अंदाज बांधतो अन् उभा बगीचा सौद्यात घेतो, पैसे देतो. त्यानंतर गारपीट झाली, भाव पडला, फळगळ झाली तर शक्यतो तोटा त्याचा, अन् भाव चढला तर नफाही त्याचा. दुसरा शेतकरी गाडी भरून नागपूरच्या कळमना बाजारात नेतो, तिथे अडत्या त्याच्या मालाची बोली लावतो, जास्तीत जास्त भाव काढून देतो अन् आपली अडत घेतो. अडत्याने एकही संत्रं विकत घेतलेलं नसतं. डीलर म्हणजे बगीचा घेणारा व्यापारी, लिलाववाला म्हणजे कळमन्याचा अडत्या, इतकं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

डीलर काकूंची नाणी बघणार, मनात हिशोब करणार अन् सांगणार की एवढे देतो. काकू हो म्हणल्या की पैसे हातात, विषय संपला. त्याने सात हजाराला घेतलेलं उद्या दहाला विकलं तर तीन त्याचे, अन् दोन वर्षं गिऱ्हाईकच आलं नाही तर ते सात हजार तिजोरीत अडकून पडले तेही त्याचेच. म्हणून डीलर नेहमी खाली बोलतो. लोकांना वाटतं लुटतोय, काही लुटतातही, पण प्रामाणिक डीलरही खालीच बोलणार कारण त्याला पडून राहणाऱ्या मालाचा धोका भावातच धरावा लागतो.

लिलाववाल्याकडे गेलात तर आज काहीच मिळत नाही, पावती मिळते. तो नाणं ठेवून घेतो, फोटो काढतो, वजन-माप घेऊन कॅटलॉगमध्ये लॉट नंबर (लॉट म्हणजे एका बोलीत निघणारा माल) देतो, अंदाजे किंमत छापतो, अन् तुम्ही म्हणलात तर रिझर्व्ह लावतो म्हणजे याच्याखाली विकायचं नाही. समजा दहा हजारावर हातोडा पडला. विकणाऱ्याकडून दहा टक्के कमिशन ठरलं असेल तर तुमच्या हातात नऊ हजार. घेणाऱ्याला वरून पंधरा टक्के बायर्स प्रीमियम असेल तर त्याला साडेअकरा हजार पडले, जीएसटी वेगळा. म्हणजे नाणं दहाचं, विकणाऱ्याला नऊ, घेणाऱ्याला साडेअकरा, मधले अडीच हजार लिलावघराचे. (टक्के प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, मी फक्त हिशोब दाखवतोय, पण कागदावर सही करायच्या आधी हे दोन्ही आकडे विचाराच, बरेच लोक एकच विचारतात.) पैसे यायला महिना-दोन महिने लागू शकतात, अन् लॉट विकलाच नाही तर नाणं परत घरी.

कायद्यातही लिलावाची गोष्ट वेगळी आहे. १९३० च्या सेल ऑफ गुड्स कायद्यात कलम ६४ खास लिलावासाठी आहे. प्रत्येक लॉट हा स्वतंत्र सौदा धरला जातो, हातोडा पडला की सौदा पूर्ण, अन् तो पडायच्या आधी बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. आणखी एक महत्त्वाचं, भाव चढवायला विकणाऱ्याने खोटी बोली लावली तर घेणारा तो सौदा रद्द करू शकतो. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. डीलरने नाण्याची किंमत मनाने वाढवून सांगितली तर तुम्ही घ्या किंवा सोडा, त्यात गैर काही नाही. लिलाववाल्याचा मात्र विश्वास हाच माल आहे, बोली खरी नसेल तर त्याच्याकडे विकायला दुसरं काहीच नाही.

आता डोळ्याचं काम. इथे दोघं एकसारखे दिसतात अन् इथेच खरा फरक आहे.

डीलरला नाणं हातात आलं की दोन मिनिटात ठरवावं लागतं, कारण समोरचा माणूस उभा असतो अन् चूक झाली तर स्वतःच्या खिशातून जाते. काकूंच्या डब्यात १९३८ चा जॉर्ज सहावाचा एक रुपया होता. १९३९ चा असता तर गोष्टच वेगळी, त्या सालचा चांदीचा रुपया दुर्मिळ आहे अन् म्हणूनच १९३८ च्या शेवटच्या आठचा नऊ करून विकणारे आहेत. मी स्वतः अशा एका रुपयात फसलोय, अकरा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात टेबलवाल्याकडून घेतला होता, घरी येऊन दहापटीच्या भिंगाखाली धरला तर नऊच्या पोटाजवळची सपाट जागा बाकी नाण्यासारखी नव्हती, तिथे सुईने खरवडल्यासारख्या बारीक रेघा होत्या अन् चकाकी उडालेली. तेव्हापासून मी साल आधी बघतच नाही. आधी काटा. ब्रिटिश चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, थोडा झिजलेला असेल तर जरा कमी, पण दहाच्या खाली आला की मी विचारच करत नाही. मग कडा, ओतीव नकलीच्या कडेला शिवण राहते. मग पृष्ठभाग, ओतलेल्या नाण्यावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, छापलेल्यावर नाही. साल सगळ्यात शेवटी. आणि १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती हे पण ध्यानात ठेवायचं, सराफ्यात मोडीचा भाव लावताना इथेच घोळ होतो.

१९११ चा जॉर्ज पाचवाचा रुपया बघा. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती इतका छोटा अन् आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली, नाणी परत घेतली अन् १९१२ पासून हत्ती सुधारून छापला. डीलर हे दोन वाक्यात गिऱ्हाइकाला सांगतो अन् नाणं विकतो. लिलावघरातल्या कॅटलॉग करणाऱ्याला तेच नाणं घेऊन बसावं लागतं, टांकसाळ कोणती, प्रत किती चांगली, कुठे ओरखडा आहे, कधी साफ केलंय का, आधी कुठल्या संग्रहात होतं, हे सगळं लिहावं लागतं, कारण घेणारा नाणं हातात न धरता फोटो अन् त्या चार ओळींवर पैसे लावणार असतो. म्हणजे डीलरचं ज्ञान हातात अन् लिलाववाल्याचं ज्ञान कागदावर, ढोबळ बोलायचं तर असं.

अन् ते काकूंचे "निजामाचे" रुपये! मी ते खिडकीपाशी नेऊन बघितले अन् दोन मिनिटं बोललोच नाही. फारसी आहे म्हणून निजामाचे असं काही नसतं. आपल्या नागपूरकर भोसल्यांनी रुपये पाडले तेच मुळी मुघल बादशहा अहमदशहा बहादूरच्या नावाने. १७५१ ला ओरिसा भोसल्यांकडे आला, तिथल्या कटकच्या टांकसाळीतूनही त्याच नावाचे रुपये निघत राहिले, बादशहा १७५४ ला गादीवरून गेला तरी. तेव्हा सगळ्या मराठी सरदारांचीच ही पद्धत, नाणं चालायला बादशहाचं नाव लागायचं. काकूंचा एक रुपया मला याच जातीचा वाटला. सराफ्यात हे रुपये चांदीच्या वजनावर गेले असते अन् मुशीत वितळले असते, आपल्याच गावाचा इतिहास. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण दरवर्षी असे किती डबे वितळतात ते कोणी मोजत नाही.

दोन्ही कामं एकाच माणसाने करण्याचीही पद्धत आहे, मुंबई, बंगळुरू, अहमदाबादची बरीच लिलावघरं मुळात डीलर घराण्यांनीच सुरू केलेली आहेत. शिवाय डीलर लिलावात गिऱ्हाइकाच्या वतीने बोलीही लावतो, तेव्हा तो डीलरही नाही अन् लिलाववालाही नाही, तो मध्यस्थ. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात रघुजी भोसल्यांची तलवार निघाली तेव्हा महाराष्ट्र शासनाने ती मध्यस्थामार्फत घेतली, वाहतूक, विमा वगैरे धरून ४७ लाख १५ हजार लागले, अन् ऑगस्टमध्ये तलवार मुंबईला आली. मालक वेगळा, हातोडा मारणारा वेगळा, बोली लावणारा वेगळा, घेणारा वेगळा. चार माणसं एका तलवारीला.

नियम दोघांनाही लागू आहेत अन् ते माहीत नसतील तर करियर सुरू व्हायच्या आधी संपेल. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरचं नाणं पुरावशेषात मोडतं, त्याच्या धंद्याला लायसन्स लागतं अन् ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १९११ चा रुपया यात येतो, १९३९ चा आज तरी नाही. शेतात नांगरताना हंडा लागला तर ते लगेच तुमचं नाणं होत नाही, १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं की कलेक्टर ऑफिसला कळवावं लागतं. अन् असं कळवल्यानेच इतिहास उभा राहतो. १९३९ ला तऱ्हाळ्याला, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, सातवाहन नाण्यांचा साठा सापडला, आपल्या नागपूरचे इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी तो वाचून प्रसिद्ध केला अन् विदर्भावरच्या सातवाहन राजांबद्दल पुस्तकात नसलेली माहिती हाती आली. तो साठा गुपचूप वाटला गेला असता तर?

आणि आणखी एक प्रकार, निव्वळ फसवणाऱ्याचा, जो डीलर, लिलाववाला, मध्यस्थ यातला कोणीच नाही. वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं दहा लाखाला घेतो म्हणणारा, आधी रजिस्ट्रेशनचे अडीच हजार टाका, मग टॅक्सचे टाका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की बँक जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या व्यवहारात नाही अन् कुठलंही कमिशन मागत नाही. घेणारा तुमच्याकडूनच आधी पैसे मागत असेल तर फोन ठेवा, काकूंच्या ओळखीतले एक मास्तर पंधरा हजार घालवून बसलेत.

आता भाच्याचं. मी त्याला काय सांगितलं ते सांगतो. डीलर व्हायचं तर नागपुरात राहून होता येतं. आधी चार-पाच वर्षं संग्रह कर, एकच विषय धर, भोसल्यांची नाणी धर, इतक्या जवळचा विषय दुसऱ्या कोणाला मिळणार, अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या नागपूरच्या म्युझियममध्ये जाऊन बघ, फारसी अक्षरं ओळखायला शीक. मग प्रदर्शनात छोटं टेबल. भांडवल तुझं, चुका तुझ्या, पगार नाही, अन् पहिली काही वर्षं तरी दुसरं काहीतरी कमाईचं ठेवावंच लागेल. लिलावाच्या लाइनमध्ये जायचं तर भांडवल लागत नाही पण गाव सोडावं लागेल, कारण मोठे लिलाव बहुतेक मुंबई-बंगळुरूकडे. तिथे सुरुवात हातोड्याने होत नाही, फोटो काढणं, वजन घेणं, कॅटलॉगच्या नोंदी, विकणाऱ्यांचे फोन, पार्सल, यातच दोन-चार वर्षं जातात. महिन्याला पगार येतो, अन् रोज शेकडो खरी नाणी हाताखालून जातात, ही शाळा डीलरला एवढ्या लवकर मिळत नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथे जाऊन ये म्हणलं. पोट्टा अभ्यासू आहे, चारचौघात बोलायला लाजतो, अक्षर सुंदर आहे अन् एका नाण्यावर तासभर बसू शकतो. सौदेबाजी त्याला जमणार नाही. मी सरळ सांगितलं, तू कॅटलॉगचा माणूस आहेस, आधी लिलावघरात जा.

काकूंच्या डब्याचं असं केलं. साधे चांदीचे रुपये, जे शेकड्याने मिळतात, ते डीलरला दिले, तीन ठिकाणी भाव विचारून, कारण शंभर लोकांकडे असलेल्या नाण्याला लिलावात ओढाताण होत नाही, कमिशनच जातं. भोसल्यांचा वाटला तो रुपया लिलावघराला पाठवायचं ठरलं, दोन संग्राहक भिडले तर तिथेच भाव निघतो. एवढंच की आमचं ठरायच्या आदल्या दिवशी काकूंनी प्रेमाने सगळ्या शिवराया चिंच लावून घासल्या, लख्ख केल्या. शंभर-दोनशे वर्षांचा तांब्याचा तो तपकिरी रंग एका दुपारी गेला, त्याबरोबर किंमतही. फारसीवाले रुपये मात्र मी फडक्यात गुंडाळून घरी आणले होते म्हणून वाचले. शिवराया आता काकूंच्या देव्हाऱ्यात आहेत, विकायच्या नाहीत म्हणाल्या, सासूबाई लक्ष्मीपूजनाला याच मांडायच्या.