एकक विभाग की विद्यापीठ? प्राध्यापकभरतीतील बिंदुनामावलीची पार्श्वभूमी

विद्यापीठांतील अध्यापकवर्ग सर्व समाजघटकांतून यावा, हे तत्त्व म्हणून बहुतेकांना मान्य असते. भांडण होते ते आरक्षित पदे मोजताना संपूर्ण विद्यापीठ हे एकक धरायचे की प्रत्येक विभाग, यावरून. या वादाचा एक जुना धागा विदर्भातला आहे. नागपूरच्या विद्यापीठाने कोणत्या विषयातील पदे राखीव आहेत हे न सांगता भरतीची जाहिरात दिली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ती बेकायदा ठरवली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र विद्यापीठ हेच एकक मानले आणि केंद्रीय विद्यापीठांत २०० बिंदूंची नामावली, म्हणजे कोणत्या क्रमांकाचे पद कोणत्या प्रवर्गाला जाणार हे ठरवणारी यादी, चालू झाली.

एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही पद्धत अमान्य केली. वेतनश्रेणी सारखी असली तरी भूगोलाचा आणि संस्कृतचा शिक्षक एकाच पदासाठी स्पर्धा करत नाहीत, आणि विद्यापीठ एकक धरल्यास एका विभागात सगळी पदे राखीव तर दुसऱ्यात सगळी खुली होऊ शकतात, असा त्यामागचा विचार होता. दुसऱ्या शंकेत तथ्य आहे. परंतु त्यावरचा उपाय मूळ दुखण्याहून घातक ठरला. मार्च २०१८ मध्ये आयोगाचा विभागनिहाय नामावलीचा आदेश निघाला. या १३ बिंदूंच्या पद्धतीत चौथे पद इतर मागासवर्गाला, सातवे अनुसूचित जातीला आणि चौदावे, म्हणजे पद रिक्त झाल्यावर फिरत्या क्रमाने येणारे, अनुसूचित जमातीला जाते. एखाद्या विभागात एक प्राध्यापक, दोन सहयोगी प्राध्यापक आणि चार सहायक प्राध्यापक असतील, तर सात पदांपैकी एकच राखीव होते, कारण प्रत्येक संवर्ग, म्हणजे पदाचा दर्जा, वेगळा मोजला जातो. पदे रिक्त होतील तसे फिरत्या क्रमाने इतर प्रवर्गांची पाळी येते खरी, पण प्राध्यापकाचे पद वीस-पंचवीस वर्षे अडलेले असते. याउलट २०० पदांच्या नामावलीत इतर मागासवर्ग, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींसाठी अनुक्रमे ५४, ३० आणि १५ पदे स्पष्टपणे ठरतात.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबादच्या निकालाविरुद्धची केंद्र सरकारची याचिका फेटाळली, पुढच्याच महिन्यात फेरविचार याचिकाही फेटाळली गेली. देशभर आंदोलने झाली आणि ७ मार्चला अध्यादेश निघाला. जुलैमध्ये संसदेने त्याचा कायदा केला व संस्था हे एकक निश्चित झाले. मुंबईतील मूलभूत संशोधन करणाऱ्या एका नामवंत संस्थेसह काही संस्थांना मात्र त्यातून वगळण्यात आले, आणि या वगळणुकीची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये याच धर्तीवर कायदा केला.

विद्यापीठांमधील प्राध्यापकांची देवाणघेवाण, किंवा परदेशी अध्यापकांना अल्पकाळासाठी बोलावण्याची २०१५ ची केंद्रीय योजना, यांमुळे वर्गात वेगळी दृष्टी येते आणि ती यावीच. परंतु पाहुणा अध्यापक मंजूर पदावर नसतो. अभ्यासक्रम आणि निवडी ज्यांच्या हाती असतात ते वरिष्ठ अध्यापक कायम पदांवरचे असतात, आणि ती पदे कोणाला मिळणार हे नामावलीवर अवलंबून असते.

डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयोगाच्या एका मसुद्यात, अपवादात्मक परिस्थितीत न भरलेली राखीव पदे अनारक्षित करण्याची तरतूद सुचवण्यात आली होती. तीव्र विरोधानंतर जानेवारी २०२४ मध्ये केंद्राला कोणतेही राखीव पद अनारक्षित होणार नसल्याचा खुलासा करावा लागला. ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारून पदे रिकामी ठेवण्याच्या प्रथेला मात्र या खुलाशाने हात लावलेला नाही.