पाच वर्षांचा सर्व्हायव्हल वाढला म्हणजे मृत्यू कमी झाले असं नव्हे

दर फेब्रुवारीत जागतिक कॅन्सर दिन आला, की पुरवण्यांपासून व्हॉट्सॲपपर्यंत एकाच वाक्याचा रतीब सुरू होतो: 'लवकर निदान झालेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात, तेव्हा आजच तपासणी करून घ्या.' वाक्याचा पहिला भाग बहुतेक वेळा खरा असतो. दुसरा भागही काही तपासण्यांबाबत खरा आहे. पण पहिल्यातून दुसरा निघत नाही, अजिबात निघत नाही. हे सांगून सांगून घसा कोरडा पडला, तरी तीच गल्लत पुन्हा छापली जाते. तिच्यापायी धडधाकट माणसं ऑपरेशन टेबलावर जातात, म्हणून पुन्हा एकदा सगळं मांडतो.

मृत्युदर तुम्हाला ठाऊक आहे. एका वर्षात, एक लाख लोकसंख्येमागे, त्या आजाराने किती जण गेले. छेदात सगळेच येतात: आजारी, निरोगी, तपासणी करून घेतलेले, तिच्या वाटेलाही न गेलेले. एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला.

पाच वर्षांच्या सर्व्हायव्हलचा छेद वेगळा आहे. त्यात फक्त निदान झालेले रुग्ण असतात. त्यातले किती जण निदानाच्या तारखेपासून पाच वर्षं जगले, ते तो आकडा सांगतो. पाचऐवजी दहा वर्षं घेतली किंवा वयानुसार दुरुस्ती केली तर आकडे हलतात, पण त्यात कुणाचा पाय घसरत नाही. पाय घसरतो तो 'निदानाची तारीख' या एका गोष्टीवर.

दोन माणसं घ्या. दोघांना फुप्फुसाचा एकाच जातीचा कॅन्सर आहे आणि तो एकाच वेगाने वाढतो आहे. पहिल्याला ६७ व्या वर्षी खोकल्यातून रक्त पडलं, निदान झालं, उपचार झाले, ७० व्या वर्षी तो गेला. निदानापासून तीन वर्षं. नोंदवहीत तो 'पाच वर्षांच्या आत मृत्यू' या रकान्यात बसला. दुसऱ्याने काही त्रास नसताना तपासणी केली आणि ६३ व्या वर्षी गाठ सापडली. उपचार झाले, ७० व्या वर्षी तोही गेला. निदानापासून सात वर्षं, म्हणजे हा 'वाचलेल्यांत' मोजला गेला. अशा शंभर माणसांची तपासणी केली तर सर्व्हायव्हल शून्यावरून शंभर टक्क्यांवर जाईल आणि कुणीही एक दिवस जास्त जगलेला नसेल. गाडी कल्याणला ठरल्या वेळीच पोहोचणार आहे. तुम्ही ठाण्याऐवजी दादरला चढलात तर प्रवास लांबतो, कल्याण काही लांब जात नाही.

हे निव्वळ कागदावरचं गणित नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने धूम्रपान करणाऱ्या ९ हजारांहून अधिक पुरुषांवर हा प्रयोग केला. एका गटाचा दर चार महिन्यांनी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी झाली, दुसऱ्या गटाला नेहमीचीच वागणूक मिळाली. तपासलेल्या गटात कॅन्सर झालेल्यांचा पाच वर्षांचा सर्व्हायव्हल दुपटीहून जास्त आला. फुप्फुसाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. पुढे कमी मात्रेच्या सीटी स्कॅनची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली आले. ५३ हजारांहून अधिक लोक, सगळे जास्त सिगारेट ओढणारे किंवा ओढून सोडलेले, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी. म्हणजे अवयव तोच, पण एक तपासणी निरुपयोगी आणि दुसरी उपयोगी. सर्व्हायव्हल बघणाऱ्याला हा फरक दिसलाच नसता.

तारखेचा घोळ एकवेळ सोपा. दुसरा घोळ याहून वाईट, कारण तो माणसाचं नुकसान करून जातो. काही कॅन्सर इतके संथ असतात, की ते शोधले नसते तर त्या माणसाला जन्मभर कळलेही नसते. थायरॉइडचे आणि प्रोस्टेटचे असे बारीक कॅन्सर दुसऱ्याच कारणाने वारलेल्यांच्या शवविच्छेदनात सर्रास सापडतात. आता हिशेब करा. एका भागात १०० जणांना त्रास होऊन निदान होतं. पाच वर्षांनी ४० जिवंत, ६० गेलेले. सर्व्हायव्हल ४० टक्के. नवी तपासणी येते आणि आणखी २०० निरुपद्रवी कॅन्सर शोधून काढते. हे २०० काही मरणार नव्हतेच. आता ३०० पैकी २४० जिवंत, सर्व्हायव्हल ८० टक्के. बातमी येते, 'जगण्याचं प्रमाण दुप्पट!' गेलेले तेव्हाही ६०, आजही ६०. फक्त २०० निरोगी माणसांच्या कपाळावर कॅन्सरचा शिक्का बसला आणि त्यातल्या बहुतेकांनी उपचारही भोगले.

दक्षिण कोरियात हेच देशभर घडलं. १९९९ साली तिथे सरकारी कॅन्सर तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइड त्या यादीत नव्हतं, पण रुग्णालयांनी थोडे जादा पैसे घेऊन मानेची सोनोग्राफी जोडून द्यायला सुरुवात केली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरच्या निदानांचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. त्या एका वर्षात ४० हजारांहून अधिक लोकांना हे निदान मिळालं, तर त्या आजाराने वर्षाला मरत होते ३०० ते ४००. मृत्युदर जागचा हलला नाही. सर्व्हायव्हल मात्र शंभर टक्क्यांना टेकला होता आणि तो यशाचा पुरावा म्हणून दाखवला जात होता. निदान झालेल्या जवळपास प्रत्येकावर शस्त्रक्रिया झाली. बहुतेकांची ग्रंथी पूर्ण काढली, म्हणजे जन्मभराची गोळी मागे लागली. शस्त्रक्रिया झालेल्या १५ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा ११ टक्क्यांच्या पॅराथायरॉइड ग्रंथी (थायरॉइडला चिकटलेल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या) निकामी झालेल्या आढळल्या आणि २ टक्क्यांच्या स्वरयंत्राची नस दुखावलेली. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी उघडपणे आवाज उठवला आणि वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने उतरल्या.

राजकारण्यांनाही हा आकडा फार आवडतो. २००७ साली न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी यांनी प्रचारात सांगितलं, की प्रोस्टेट कॅन्सरमधून वाचण्याची शक्यता अमेरिकेत ८२ टक्के आहे आणि इंग्लंडमध्ये फक्त ४४. दोन्ही देशांतला त्या कॅन्सरचा मृत्युदर जवळजवळ सारखा होता, लाख पुरुषांमागे २६ आणि २७. अमेरिकेत पीएसए ही प्रोस्टेटचा कॅन्सर हुडकणारी रक्ततपासणी जोरात होती, एवढाच फरक. आणि राजकारण्यांना तरी काय बोलावं? २०१२ साली ४१२ अमेरिकी फॅमिली डॉक्टरांना विचारलं, तर सुमारे तीन चतुर्थांश डॉक्टरांनी वाढलेला सर्व्हायव्हल हाच 'तपासणीने जीव वाचतो' याचा पुरावा मानला.

आता आपल्या घरचं उदाहरण. ते जगात कुठेही दाखवावं इतकं स्वच्छ आहे, आणि आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे याचा मला राग येतो. उस्मानाबाद जिल्हा, आजचा धाराशिव. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून ५२ ग्रामसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांची चार गटांत विभागणी केली. कुठला समूह कुठल्या गटात जाणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. एका गटाला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही तपासणी, म्हणजे तो कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूचा शोध, एकदाच. एकाला पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, एकाला व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी करायची तपासणी, एकाला नेहमीचीच सेवा. मग आठ वर्षं मृत्यू मोजले.

एचपीव्ही गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. तपासणीला आल्या २७ हजारांच्या आसपास. न आलेल्या सात हजार जणींना कुणी गटातून वगळलं नाही, त्यांचेही मृत्यू याच गटाच्या नावावर लागले. प्रामाणिक मोजणी अशी असते. या गटात कॅन्सर झाला १२७ जणींना. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ११८ जणींना. रुग्णसंख्या जवळपास तेवढीच, म्हणजे निरुपद्रवी कॅन्सरांची खोगीरभरती नाही. पुढच्या टप्प्यातले कॅन्सर ३९ विरुद्ध ८२. मृत्यू ३४ विरुद्ध ६४. निम्म्याच्या आसपास! पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये भरवशाची घट दिसली नाही.

तपासणीविना ठेवलेल्या गटावरून या अभ्यासावर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते गंभीरपणे ऐकण्याजोगे आहेत. आकड्यांचा खरेपणा त्याने बदलत नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने हीच व्हिनेगरची तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून करून घेतली आणि १२ वर्षांत त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्के घटले.

कोरिया आणि धाराशिव शेजारी ठेवून पाहा. सर्व्हायव्हल दोन्हीकडे सुधारलेलाच दिसतो. कोरियात शंभराला टेकलेला, धाराशिवमध्ये न तपासलेल्यांपेक्षा पुष्कळ चांगला. एका ठिकाणी स्त्रिया खरोखर वाचल्या, दुसरीकडे हजारोंच्या ग्रंथी उगाच कापल्या गेल्या. जो आकडा दोन्ही वेळी तेच उत्तर देतो, त्याच्यावर तपासणीचा निवाडा करायचा कसा?

सर्व्हायव्हल टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. निदान झालेला रुग्ण डॉक्टरांना विचारतो, 'माझं पुढे काय?' त्याचं उत्तर टप्प्यानुसारच्या सर्व्हायव्हलमध्येच आहे, लाखामागच्या मृत्युदराचा त्याला काही उपयोग नाही. दोन औषधांची तुलना चिठ्ठ्या टाकून केली असेल तर तिथेही तो चालतो, कारण दोन्ही गटांचं घड्याळ एकाच क्षणी सुरू होतं. वीस वर्षांपूर्वीचे रुग्ण आणि आजचे रुग्ण यांची तुलना असेल तर मात्र सावध राहा. शरीरात लपलेला फैलाव दाखवणाऱ्या पेट स्कॅनमुळे पूर्वी तिसऱ्या टप्प्यात गणले गेलेले काही जण आज चौथ्यात जातात. ते तिसऱ्यातले सर्वांत आजारी आणि चौथ्यातले सर्वांत बरे, त्यामुळे दोन्ही टप्प्यांचा सर्व्हायव्हल सुधारतो आणि रुग्ण होते तिथेच असतात.

इथे कुणीतरी म्हणतंच, 'सर्व्हायव्हल सोडा, पण कॅन्सर पहिल्या टप्प्यात सापडू लागले म्हणजे जीव वाचणारच ना?' याचं उत्तर ब्रिटनमध्ये २०२१ साली मिळालं. रजोनिवृत्ती झालेल्या २ लाखांहून अधिक स्त्रिया, अंडाशयाचा कॅन्सर, एका गटात दरवर्षी सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि गरज पडली तर सोनोग्राफी. पहिल्या टप्प्यातली निदानं ४७ टक्क्यांनी वाढली, चौथ्या टप्प्यातली सुमारे एक चतुर्थांशाने घटली. मृत्यू? काहीच फरक नाही. तीच सीए-१२५ आपल्याकडे ८ मार्चच्या 'महिला आरोग्य पॅकेज'मध्ये सवलतीत मिळते, सोबत मानेची सोनोग्राफी आणि बाबांसाठी पीएसए. मला ही पॅकेजेस मनापासून खुपतात. काही त्रास नसलेल्या बाईने यातलं काहीही केवळ पॅकेजमध्ये आहे म्हणून करू नये.

त्रास असेल तर गोष्टच वेगळी, आणि ही दुसरी गल्लत कृपा करून करू नका. स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला, तोंडातला चट्टा तीन आठवड्यांत भरला नाही, तर ती तपासणीची हौस नव्हे, तो आजाराचा इशारा आहे. तिथे लगेच डॉक्टरकडे जायचं. वर लिहिलेलं सगळं फक्त लक्षणं नसलेल्या माणसांच्या तपासणीबद्दल आहे.

त्रास नसताना कुठली तपासणी करावी असं विचारलंत, तर माझी यादी छोटी आहे. तिशी ओलांडलेल्या स्त्रीने एचपीव्ही, आणि ती मिळत नसेल तर ठरावीक अंतराने व्हिनेगरची तपासणी. तंबाखू खाणाऱ्या किंवा दारू पिणाऱ्याने तोंडाची तपासणी. तिरुवनंतपुरमच्या अभ्यासात अशा लोकांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्के कमी झाले. पन्नाशीनंतर प्रशिक्षित हातांकडून स्तनांची तपासणी. टाटा मेमोरियलने मुंबईतल्या दीड लाख स्त्रियांपैकी निम्म्या जणींची ती करून दोन्ही गटांतले मृत्यू २० वर्षं मोजले, तेव्हा पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये ते जवळपास ३० टक्क्यांनी घटलेले आढळले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये तशी घट दिसली नाही.